ठळक अक्षरं

सकाळी इनबॉक्स उघडला तर ताईचं पत्र बारीक अक्षरांत दिसलं. न वाचलेलं पत्र ठळक अक्षरांत असतं. म्हणजे हे माझ्याआधी कुणीतरी वाचलं होतं, आणि घरात आम्ही दोघंच, मी आणि माझा नवरा. परवा जेवताना त्यानं सहज विचारलं होतं, "ताई वेगळी राहणार का मग?" ते ताईनं आधीच्या पत्रात लिहिलं होतं, आणि मी त्याला यातलं काहीच सांगितलं नव्हतं.

माहेरी शेजारच्या एक काकू आमची पाकिटं उघडून भाताच्या शितांनी परत चिकटवायच्या. कडेला वाळलेलं शीत दिसलं की आईला कळायचं. त्या चोरीला निदान थोडे कष्ट तरी होते. आता एक बोट पुरतं.

लपवण्यासारखं आहे काय, असं तो म्हणणार. काहीच नाही. बाथरूममध्येही मी काही लपवत नसते, तरी आतून कडी लावतेच.

मी स्वतःलाच एक पत्र पाठवलं. 'वाचून झालं असेल तर समोर येऊन बोल.' दुसऱ्या दिवशी तेही बारीक झालेलं होतं, आणि तो चहात उगाच चमचा फिरवत बसला होता. मी त्याच्यासमोरच पासवर्ड बदलला.

"माझ्यावर विश्वास नाही?" त्यानं विचारलं.

"होता. म्हणून तर आजवर कडी लावली नव्हती."

तेवढ्यात ताईचं नवं पत्र आलं. चहा संपेपर्यंत मी ते उघडलं नाही. फोन दोघांच्या मध्ये ठेवला, आणि ती ठळक अक्षरं त्याला नीट बघू दिली.