पडद्यामागून पाहिलेला डावरा नायक

काल लेकानं मोबाईलवर युद्धाचा एक जुना पिक्चर लावला. रुबाबदार कोट घालून गुपचूप शत्रूच्या किल्ल्यात शिरणारा हाच नायक मी आठ वर्षांची असताना सोनपेठला सिनेमाच्या तंबूत पाहिला होता. डिझेल इंजिनाचा वास, पडद्यापुढं पुरुष आणि पडद्यामागं आम्ही बायका. डाव्या हातानं लिहिते म्हणून आईनं त्याच सकाळी माझ्या बोटांवर पट्टी मारली होती. नायकानं डाव्या हातानं सात पहारेकरी टिपले, तशी मी म्हणाले, "बघ आई, आता मी बी डाव्यानंच लिहिणार."

आई हसली. "लिही माय. पर त्याच्यावानी नेम धर, लय चुकायलीस."

काल पाहिलं तर पिस्तूल त्याच्या उजव्या हातात! मागून आम्हाला तो उलटा दिसला होता. पण हे कळेपर्यंत माझी चाळीस वर्षं डाव्या हातानं लिहून झाली होती.