रिकाम्या खोगिराखालची तीन बोटं

"चावत नाही जी तो, डॉक्टर. नुसतं तोंड लावते," भोयर साहेब म्हणाले, आणि तेवढ्यात घोड्याने त्यांच्या शर्टाची बाही दातांत धरली.

मी बाही सोडवली. साहेबांनी ती सरळ केली आणि काहीच घडलं नाही अशा थाटात तक्रार पुढे सुरू केली. घोडा बिघडलाय. खोगीर दिसलं की कान मागे टाकतो. तंग, म्हणजे पोटाखालचा पट्टा, आवळला की अंगावर येतो. वर बसलं की उसळ्या मारतो. मागच्या आठवड्यात साहेब पडले. हाड मोडलं नाही, पण पुण्यात राहणाऱ्या त्यांच्या मुलाने फोनवरूनच निकाल देऊन टाकला, घोडा विका. रविवारी वरातीसाठी घोडे ठेवणारा एक माणूस त्याला न्यायला येणार होता. घोडा ठणठणीत आहे असा दाखला हवा होता, एवढ्यासाठी मला बोलावलं होतं.

मी नागपुरात घोड्यांची डॉक्टर आहे. नंदनवन वस्तीतल्या माझ्या शेजाऱ्यांना अजूनही वाटतं की मी मांजरांना लसी टोचते आणि घोड्यांचं सांगते ते भाव खायला. भोयर साहेब सरकारी खात्यात पुलांचे इंजिनिअर होते. रिटायर झाल्यावर माणसं बागकाम करतात, साहेबांनी विमानतळाजवळच्या मिहानच्या पलीकडे जमिनीचा तुकडा घेतला आणि रेसमधून निवृत्त झालेला घोडा आणला. रेसकोर्सवर त्याचं नाव थंडर होतं. मंदाताईंनी, म्हणजे साहेबांच्या बायकोने, त्याचं बाळ्या केलं. तो बाळ्यालाच ओ देतो.

डोक्यावरून एक विमान उतरलं, अगदी खालून. बाळ्याने कानही हलवला नाही. विमानाला न भिणारा घोडा खोगिराला भितो, तेव्हा दोष स्वभावात शोधायचा नसतो.

मी मानेवरून हात फिरवत मागे नेला. मान संपते आणि पाठ सुरू होते तिथे घोड्याला एक उंचवटा असतो. त्याला विदर्स म्हणतात. काही घोड्यांचा तो सपाट असतो, रेसच्या घोड्यांचा बहुधा उंच आणि धारदार. बाळ्याचा तर घराच्या आढ्यासारखा होता. माझी बोटं तिथे पोचली आणि त्याची कातडी थरारली. दोन्ही बाजूंना गरम, मऊ सूज. केस घासून गेलेले. आणि सगळं पिवळंधमक.

"हे काय लावलंय?"

"हळद आहे जी," मंदाताई म्हणाल्या. "तेलात खलून रोज लावून राहिली मी. हे म्हणतात गोचीड चावले."

"गोचीडच आहेत," साहेब म्हणाले. "खोगिराचा सवालच नाही. मी मोजलं आहे नं."

ते खरंच मोजत होते. खोगिराच्या आत एक लाकडी सांगाडा असतो. त्याची पुढची कमान विदर्सच्या वरून जाते, आणि कमान व हाड यांच्यात साधारण तीन बोटं जागा हवी. साहेबांना हे ठाऊक होतं. खोगीर जुनं, कोणत्या तरी गोल पाठीच्या घोड्यासाठी केलेलं, बाळ्याला पुढून सैल पडत होतं. शिवाय रेस सुटल्यापासून तो वाळला होता आणि विदर्सच्या दोन्ही बाजूंना खड्डे पडले होते. खोगीर पुढे खाली बसायचं. मग मंदाताईंनी त्याखाली गोधडी शिवून दिली. पुरली नाही तेव्हा आणखी एक. दुसरीला बाळ्याच्या नावाचं भरतकामही होतं. गोधड्यांनी खोगीर वर उचललं, साहेबांनी तीन बोटं घातली, ती आरामात गेली. डिझाइन पास.

मी खोगीर मागवलं, पण घोड्यावर चढवू दिलं नाही. उलटं करून जमिनीवर ठेवलं. कमानीच्या आतल्या चामड्यावर, बरोबर मधोमध, हळदीचा मोठा डाग होता. कमान पाठीला टेकत नसती तर तिथे हळद पोचायचं कारण नव्हतं.

"काढताना लागली असन," साहेब म्हणाले.

"साहेब, तीन बोटं मोजली तेव्हा वर कोण बसलं होतं?"

"कोण बसन? मीच मोजून राहिलो होतो. मी वर कसा असन?"

"आणि पूल बांधलात, तो नुसता उभा राहिला म्हणून पास केलात का कधी?"

साहेबांनी खोगिराकडे पाहिलं, गोधड्यांकडे पाहिलं, मग वाकून एका गोधडीवर तळहात दाबला. कापूस तो, पार चपटा झाला.

"लाइव्ह लोड," ते हळूच म्हणाले.

"म्हंजे काय जी?" मंदाताईंनी मला विचारलं.

"पुलाचं स्वतःचं वजन वेगळं धरतात आणि वरून जाणाऱ्या गाड्यांचं वेगळं. गाड्यांचं ते लाइव्ह लोड. इथे ते म्हणजे साहेब."

मंदाताईंनी नवऱ्याच्या पोटाकडे शांतपणे एक नजर टाकली. "मी कवाची सांगून राहिली, रातचा भात कमी करा म्हून."

साहेब हसले नाहीत. पाण्याची बादली पालथी घालून तिच्यावर बसले. "म्हणजे मी बसलो का ते लाकूड त्याच्या हाडावर दाबे. रोज. अन तो मले सांगून राहिला होता, मी त्याले बदमाश म्हणून राहिलो." त्यांचा चेहरा इतका पडला की मला पुढचं चिडवणं आवरतं घ्यावं लागलं. वरातीचं खोगीर याहून जड असतं, त्यावर नवरदेव आणि नवरदेवापुढे भाचा, एवढं मात्र मी सांगितलं. दाखला देत नाही, हेही सांगितलं.

साहेबांनी तिथूनच रविवारच्या माणसाला नाही कळवलं. मग मुलाला फोन लावला. "घोडा बरोबर आहे. डिझाइन चुकलं होतं," एवढंच बोलून ठेवून दिला. कोणाचं डिझाइन, ते काही बोलले नाहीत.

सुजेत पू नव्हता, हे आमचं नशीब. तिथे पू धरला तर तो आत हाडापर्यंत उतरतो आणि घोडा महिनोन् महिने हातचा जातो. मी सूज उतरायची औषधं दिली, थंड पाण्याचा शेक सांगितला आणि खोगीर पूर्ण बंद केलं. हळदही बंद केली. मंदाताईंना ते आवडलं नाही. गोधड्या खोगिराखालून काढायच्या म्हटल्यावर तर त्या माझ्याशी चहा होईपर्यंत बोलल्याच नाहीत. थंडीत पाठीवर पांघरायला चालतील म्हटलं, तेव्हा चहात साखर पडली.

मग खुराक वाढवला. साहेब रोज दोरी धरून बाळ्याला चढउतारावर चालवायला लागले, म्हणजे पाठीचे स्नायू भरतात. मी वाकणारी तार त्याच्या पाठीवर बसवून आकार घेतला आणि तो कानपूरच्या कारागिराला पाठवला. पुढे उंच कमान असलेलं खोगीर आलं. खाली एकच पॅड, विदर्सच्या जागी कापलेलं.

खोगीर आलं तोवर सूज जाऊन बराच काळ लोटला होता आणि पाठीचे खड्डे भरले होते. या वेळी माप लोडसकट घ्यायचं होतं. मोजणार साहेबच, दुसऱ्याच्या बोटांवर त्यांचा विश्वास नाही. घोड्याचं तोंड मी धरलं होतं. उरलं कोण?

"मी नाही बसत, बाप्पा," मंदाताई म्हणाल्या.

"पाच मिनिटं. नुसतं बसायचं आहे," साहेब म्हणाले. "तू फक्त लोड आहेस."

हे वाक्य त्यांनी टाळायला हवं होतं. मंदाताईंनी ओढणी कमरेला बांधली आणि त्या स्टुलावरून वर चढल्या. बाळ्याने कान मागे टाकले नाहीत. एक मागचा पाय सैल सोडला आणि लांब श्वास टाकला. साहेबांनी कमानीखाली बोटं सरकवली. गेली. मी घोड्याला एक चक्कर फिरवून आणलं. पुन्हा घातली. पुन्हा गेली. साहेबांनी तोंड फिरवून डोळे पुसले आणि धूळ गेली म्हणाले.

"बस, झालं. उतर आता, मंदा."

"थांबा नं जी. काहून घाई करून राहिले? अजून एक चक्कर मारू द्या."

मी अधूनमधून तिकडे जाते. बाळ्याच्या विदर्सवर दोन्ही बाजूंना पांढरे केस आलेत. जुन्या दुखण्याच्या जागी ते येतात आणि जन्मभर राहतात. एरवी त्याचं उत्तम चाललंय. साहेबांचंही, पोट बरंच उतरलंय. रोज सकाळी तासभर चालतात ना ते, पुढे दोरी धरून. वर मंदाताई असतात.

तेव्हा खोगिराचं माप कधी रिकाम्या खोगिरावर घेऊ नये. आणि मापासाठी कोणाला वर बसवायचं, ते आधी नीट ठरवावं. माप झाल्यावर ते खाली उतरतीलच, असं गृहीत धरू नये.