बोटं मोजता येतील इतकं स्वच्छ

आमच्या मोची दरवाज्याच्या गल्लीत गच्चीवर चढणाऱ्या पुरुषानं आधी जिन्यातूनच खाकरायचं, मग ‘पडदा करा, वर येतोय’ अशी हाळी द्यायची, आणि शेजारच्या गच्च्यांवरच्या बायका आत गेल्या की मान खाली घालून आपलं काम उरकायचं. आता मान खाली घालून अँटेना कशी फिरवणार? त्यामुळे ज्या घरात पुरुष अँटेना लावायचा, त्या घरात टीव्हीवर कायम मुंग्याच दिसायच्या. शिवाय लाहोरात तेव्हा सुट्टी शुक्रवारची. सीमेपलीकडचे अमृतसर टीव्हीवाले चांगलं ते सगळं रविवारी दाखवायचे, आणि रविवारी पुरुष दुकानांवर.

म्हणून हे काम सरवरी खालाचं, सगळ्या गल्लीच्या मावशीचं. तिचा नवरा गफूर मियां गुडघ्यांनी अधू होता. तो खाली टीव्हीसमोर बसून ‘आलं, गेलं’ ओरडायचा आणि ती वर खांब फिरवायची. तो वारल्यावर गल्लीतल्या बायकांनी तिला बोलावणी धाडायला सुरुवात केली. बुरखा जिन्याच्या कठड्यावर टाकून, पक्कड सलवारीच्या नेफ्यात खोचून ती साठीतली बाई अशी चढायची, की खाली उभ्या राहणाऱ्या सुनांना घाम फुटायचा. मोबदला म्हणून साय घातलेला चहा घ्यायची, आणि चहा पातळ असला तर तसं तोंडावर सांगायची.

वरून तिला सगळ्यांची अंगणं दिसत. कोण नवऱ्याशी भांडतंय, कोण कोपऱ्यात बसून रडतंय, सगळं. पण एका घरातली गोष्ट तिच्या तोंडून दुसऱ्या घरात कधी गेली नाही. आमच्या गल्लीत हे साधुसंत, वली होण्यापेक्षा अवघड आहे. मला तिच्या पकडीपेक्षा तिच्या तोंडाचं कौतुक जास्त.

माझी थोरली तसनीम जन्मापासून ऐकत नाही. मुक्यांच्या शाळेत जायची तोवर हातांनी पोपटासारखी बोलायला शिकली होती. मग शाळेची गाडी आमच्या बाजूला यायची बंद झाली, आणि सासऱ्यांनी ठरवलं की मुलगी मोठी झाली, शाळा पुरे. घरात तिच्या भाषेत बोलणारं कुणी नाही. मला ‘जेव’, ‘झोप’, ‘इकडे ये’ एवढंच यायचं. ती आरशासमोर बसून एकटीच हात हलवायची, आणि पुढे पुढे तेही कमी झालं. शिकलेलं सगळं विसरून माझी पोर पुरती मुकी होणार, या भीतीनं माझी झोप उडाली होती.

अशातच एका रविवारी दुपारी मुंग्या भरलेल्या पडद्यावर तिला एक बाई दिसली. अमृतसरवर बहिऱ्या लोकांसाठी हातांनी बातम्या सांगत होती. तसनीमनं काचेला नाक लावलं आणि ते बातम्या संपेपर्यंत काढलं नाही. मी तडक खालाकडे गेले.

पुढच्या रविवारी खालानं खांब फिरवला आणि मुंग्या गेल्या. मी खालून ओरडले, ‘झकास, खाला, आता हात लावू नकोस.’ पण तसनीम ‘नाही’ म्हणून मान हलवत होती. मी चिडले. अहो, सिनेमा बघायला याहून वाईट चित्र चालतं लोकांना! खाला मात्र खाली आली आणि तिच्यासमोर उभी राहिली. तसनीमनं डाव्या हाताची बोटं पसरली, त्यामागे उजवा हात जरासा सरकवून धरला, आणि ती दोन्ही हात एकदम हलवायला लागली. मला कळेना. खाला म्हणाली, ‘दोन-दोन दिसतायत तिला. एका हाताच्या मागे दुसरा. आपलं कानांवर भागतं गं, हिला बोटं मोजता आली पाहिजेत.’

ही दुहेरी सावली कुठून येते ते खालाला वर जाताच कळलं. शेजारच्या मेराज पहिलवाननं कबुतरांसाठी पत्र्याचा नवा मोठा खुराडा उभा केला होता. अमृतसरची लहर त्यावर आपटून दुसऱ्यांदा आमच्या अँटेनात शिरत होती. खुराडा थोडा सरकवायला सांगायला खाला संध्याकाळी गेली, मीही मागोमाग. पहिलवान म्हणजे गल्लीतला सर्वांत तापट माणूस, पण खालापुढे तो हळूच बोलला.

‘खाला, मादी अंड्यांवर बसलीय. आत्ता हलवला तर सोडून जाईल ती.’

मी तोंड उघडणार होते. कबुतराची अंडी मोठी की माझी मुलगी? खालानं मला कोपरानं ढोसलं. ‘बसू दे तिला,’ ती म्हणाली, ‘खांब आपला आहे, आपण हलू.’ त्या वेळी मला तिचा रागच आला. आज वाटतं, दुसऱ्याच्या घरातल्या कबुतरालाही न दुखवता आपलं काम करणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

तिनं मग जे केलं त्यावर सगळ्या गच्च्या हसल्या. जो तो अँटेना उंच करत असताना तिनं आमची उतरवली आणि जिन्याच्या खोलीच्या भिंतीआड, कमरेएवढ्या उंचीवर आणली, म्हणजे खुराडा भिंतीमागे झाकला जाईल. पलीकडची एक जण म्हणाली, ‘खाला, आता काय चुलीत रोवणार का?’ खाला म्हणाली, ‘तुझी रोवते आधी.’

पुढच्या रविवारी टीव्ही आम्ही अंगणात, उजेडासाठी गच्चीत बसवलेल्या लोखंडी जाळीच्या बरोबर खाली ठेवला. बातम्या सुरू झाल्या. मी खांब धरला आणि खाला जाळीवर पालथी पडून खाली तसनीमकडे बघत राहिली. आजूबाजूला सगळीकडून ‘आलं, गेलं’चा गलका चालू, आणि आमच्याकडे चकार शब्द नाही. तसनीमचा हात डावीकडे गेला की खाला मला डावीकडे फिरवायला लावायची. मग तो हात थांबला. मीही वाकून पाहिलं. पडद्यावरच्या बाईची दहाच्या दहा बोटं वेगवेगळी दिसत होती.

बातम्या संपल्यावर तसनीम जाळीखाली आली आणि वर बघून भरभर हातांनी काहीतरी बोलली. इतकं मोठं वाक्य तिच्या हातांवर मी कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं.

‘काय म्हणते गं?’ खालानं विचारलं.

‘मला नाही येत ते, खाला.’

खाला जाळीवरून उठली. खाली उतरली, टीव्ही बंद केला आणि तसनीमसमोर फरशीवर मांडी घालून बसली. मला म्हणाली, ‘ती काचेतली बाई बोलते छान. पण हिचं ऐकायला ती बाहेर थोडीच येणार? उभी काय राहिलीस, आई ना तू हिची? बस इथं.’

मी बसले. खालानं गंजानं तांबडे झालेले हात उचलून तसनीमची पहिली खूण केली, ती चुकीची. तसनीम हसली, आणि खालाची जाड बोटं धरून एकेक वाकवू लागली. नंतर माझी. दिवस मावळून मगरिबची अजान झाली तेव्हा कुठं आम्हाला तिचं वाक्य लागलं. ती सांगत होती, ‘ती बाई फार भरभर बोलते, आणि मी अर्ध्या खुणा विसरले.’

मला रडू फुटलं. खालानं तोवर पुढच्या खुणेसाठी हात वर केले होते.