मागच्या ॲक्सलचे दात

वडिलांच्या जुन्या गाडीचा मागचा ॲक्सल माझ्या लेखी संमतीशिवाय उघडला, म्हणून नोटिशीचा मसुदा खिशात घालून मी संतापाने गॅरेजात शिरलो.

“नोटीस नंतर द्या, वकीलसाहेब,” सलीम मिस्त्री म्हणाले. “आधी सांगा, आतला गिअर नवा टाकू की हाच बसवू?”

त्यांनी ॲक्सलमधून काढलेले ते दातेरी चक्र पुसून उजेडात धरले. पुढे जाताना जोर घेणारी दातांची बाजू आरशासारखी उजळली होती. मागे जाताना लागणारी जवळजवळ कोरी होती. मला शाळेत, आईला माहेरी, शेवटी स्वतःला इस्पितळात नेताना वडिलांनी टाकलेला सगळा भार त्या झळाळीत उरला होता, आणि एकही दात तुटला नव्हता. एवढे वाहून नेणाऱ्याला मोडीत काढण्याचा अधिकार कोणत्या कलमाने मिळतो?

“हाच बसवा,” मी म्हणालो. “पण त्याआधी एकदा माझ्या हातात द्या.”