बाकावर बसलेल्यांनाही विचारणाऱ्या बाई

डॉ. कुमुद मांजरेकर यांची आणि माझी ओळख माझी पत्नी सुलभा हिच्या निधनानंतर झाली. त्यापूर्वी रत्नागिरीच्या त्यांच्या रुग्णालयात मी त्यांना रोज पाहत होतो. सकाळच्या राउंडला बाई पुढे, शिकाऊ डॉक्टर मागे, असे सगळे झपाझप खाटांमधून जात. त्याला ओळख म्हणता येणार नाही.

बाईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात डॉक्टर मंडळी त्यांच्या विद्वत्तेविषयी लिहितीलच. मी मालगुंडजवळच्या एका शाळेत लिपिक होतो. मला माहीत आहे तेवढे लिहितो.

सुलभाचे दिवसकार्य झाल्यावर बाईंचा फोन आला. सुलभा होती त्या वॉर्डातील एका शिकाऊ डॉक्टरांचे प्रशिक्षण संपत आले होते. त्यांना कोल्हापूरला पुढची जागा मिळत होती, पण ती बाईंच्या शिफारशीवर अडली होती. "तुम्ही त्यांना जवळून पाहिलंत. तुमचं मत हवं आहे," बाई म्हणाल्या. मी तक्रार करू नये म्हणून हे चालले आहे, असे मला वाटले. मी जाणार नव्हतो. मुलगा म्हणाला, "बाबा, जा. आई असताना मला का बोलावलं नाही, ते तरी कळू दे."

बाईंची पद्धत मला तेथे गेल्यावर कळली. शिकाऊ डॉक्टरांविषयी केवळ वरिष्ठांना विचारून त्या थांबत नसत. बरोबरीचे डॉक्टर, सिस्टर, वॉर्डातील मावशी, रुग्ण, व्हरांड्यात बाकावर बसलेले नातेवाईक, सर्वांशी स्वतंत्रपणे बोलत. रुग्ण दगावला असेल, तर त्याच्या घरच्यांशीही. कोण बोलले ते गुप्त ठेवत आणि काय बोलले ते त्या डॉक्टरांना समोर बसवून सांगत. आमच्या वॉर्डातील मावशींना मात्र ही गुप्तता मान्य नव्हती. त्यांनी मला व्हरांड्यातच ऐकवले, "हुशार हाय, नाय कोन म्हनतोय? सुई टोचलीन तरी कळत नाय. पन मान्साकडं बगत नाय, फाइलीकडं बगतो."

मी माझे म्हणणे सांगितले. बाईंनी विचारले, "हे त्यांच्यासमोर सांगाल? नाही म्हणालात तरी चालेल." मी हो म्हणालो.

डॉक्टर आत आले. त्यांचे नाव मी येथे लिहिणार नाही. मला पाहताच त्यांचा चेहरा ताठरला.

"काका, उपचारात काही चुकलं का आमचं?"

"नाही."

"मग तक्रार कसली?"

"शेवटच्या दिवशी सकाळी मी विचारलं होतं, मुलाला मुंबईहून बोलावू का. तुम्ही 'बघू' म्हणालात आणि पुढे गेलात. मी फोन केला नाही. संध्याकाळी ती गेली."

"मी असं म्हणालो? मला आठवत नाही."

मी उठलो. आणखी थांबलो असतो, तर काय बोललो असतो सांगता येत नाही.

"बसा, काका," बाई म्हणाल्या. "मला आठवतं. मी पुढेच चालत होते. तुमचा प्रश्न मी ऐकला आणि थांबले नाही." मग त्या डॉक्टरांकडे वळल्या. "आणि 'बघू' तुम्ही माझ्याकडूनच उचललंत. इतकी वर्षं मी राउंडला तेच म्हणत आले. या नोंदीत आधी माझी चूक लिहा, मग तुमची."

शिफारस त्यांनी दिली नाही. डॉक्टर चिडले. "मॅडम, चूक तुमचीही म्हणता, आणि जागा माझी जाणार?"

"हो. अन्याय वाटेल तुम्हाला. तरी आज सही करणार नाही. इथे माझ्यासोबत थांबा. दोघं मिळून सुधारू."

एक विश्वस्तही रागावून आले. "बाई, एका शब्दापायी हुशार पोराचं नुकसान करता?" बाईंनी विचारले, "तुमच्या घरचं कोणी आत असतं, तर असं म्हणाला असता?" कोल्हापूरची जागा दुसऱ्या कोणाला गेली. त्याचे ओझे मलाही होते.

त्यानंतर राउंड संपला की बाई त्या डॉक्टरांना घेऊन व्हरांड्यात येऊ लागल्या. नातेवाइकांना उभ्याने उत्तर द्यायचे नाही, असा त्यांनी दोघांसाठी नियम केला. काही महिन्यांनी त्यांनी पुन्हा सर्वांना विचारले. मावशी म्हणाल्या, "आता बसतो हो. येवडा बसतो की माजी लादी पुसायची ऱ्हाते." बाईंनी पुढच्या जागेसाठी शिफारशीवर सही केली. जाण्यापूर्वी डॉक्टरांनी माझ्या मुलाला स्वतः फोन केला. काय बोलणे झाले ते मुलगा सांगत नाही, मी विचारत नाही. पण त्यानंतर तो या विषयावर माझ्याशी भांडलेला नाही.

मला बाई म्हणाल्या, "घरी एकटे बसण्यापेक्षा इथे येत जा." तेव्हापासून नातेवाइकांशी बोलून त्यांची मते बाईंपर्यंत पोहोचवण्याचे काम मी करतो. शिकाऊ डॉक्टरांविषयी विचारताना दरवर्षी बाईंविषयीही विचारायचे, असा त्यांचाच आग्रह आहे. यंदा एका आजींनी सांगितले, "बाई चांगल्या आहेत, पण पुटपुटतात." बाई आता मोठ्याने बोलतात.

बाईंना निरोगी आणि उदंड आयुष्य लाभो, आणि त्यांच्याविषयी लोकांना विचारत फिरण्याचे हे काम मला अजून खूप वर्षे करावे लागो.