पुढे पडद्यावर पाहा

उमरग्याच्या ठाण्यात आम्ही उघडलेली एक पत्र्याची पेटी अजून माझ्या मनातून गेलेली नाही.

निजामाच्या राजवटीची शेवटची वर्षं होती. मी जमादार होतो. खबऱ्याने बातमी आणली, "गावातला एक शिंपी दर महिन्याला सोलापूरहून छापील कागद आणतोय. वर पेन्सिलीनं कायबाय लिवतोय." सोलापूर इंग्रजी मुलखात, तिकडून येणारा छापील कागद चळवळीचाच, असं आम्ही धरून चालत असू. मोटारीतून उतरताच शिंप्याला ताब्यात घेतलं. पंचनामा करून घरातली पेटी जप्त केली.

आत सिनेमाच्या चोपड्या निघाल्या, वर्षवार दोऱ्याने बांधलेल्या. थेटरात त्या विकत मिळत. गाणी, चित्रं आणि अर्धीच कथा. खाली छापलेलं, 'पुढे पडद्यावर पाहा.' त्याखाली पेन्सिलीचं बारीक अक्षर: 'तो पूल ओलांडून पळाला. शिपाई मागे लागले.' ठाण्याचे प्रमुख अमीनसाहेब, त्यांना मराठी वाचता येत नसे. मी वाचून दाखवलं. "ये तो पैगाम है, जमादार," ते म्हणाले. गुप्त निरोप! मीही मान डोलावली.

शिंप्याचा जबाब शेवटपर्यंत बदलला नाही. "बायकू अंथरुणाला खिळलीय, साहेब. तिला थेटरात कशी न्यू? शेवट लिवून देतो, ती वाचती."

"एवढ्यासाठी सोलापूर?"

"नाद हाय म्हना की."

तिसऱ्या दिवशी जप्त चोपड्या घेऊन त्याच्या घरी गेलो. त्याची बायको बाजेवर पडून होती. चोपडी धरायची, पेन्सिलीचा मजकूर हाताने झाकायचा आणि तिला शेवट विचारायचा, असं मी केलं. तिने एकूणएक शेवट बरोबर सांगितला. एका ठिकाणी म्हणाली, "ह्यो मला पटला न्हाय. पोरीनं परत यायला नको व्हतं. भांडले मी त्यास्नी!"

मी उठलो, तेव्हा तिने विचारलं, "आत्ता बघून आले, त्यो सिनेमा कसा संपला? तेवढं विचारून सांगता का, साहेब?"

"एकदोन दिवसांत सुटतील. त्यांच्याच तोंडून ऐका," मी म्हणालो.

मी त्याच दिवशी अहवाल दिला, पण सुटकेचा हुकूम जिल्ह्याहून यायचा होता. तो नवव्या दिवशी आला. ती सातव्या दिवशी गेली. मातीलाही त्याला सोडता आलं नाही. मधल्या दिवसांत मी त्याच्या हवालातीच्या कोठडीवरून कितीदा गेलो असेन. दोन वाक्यांचं काम होतं, मी केलं नाही.

पेटी परत देताना मी हळूच विचारलं, "त्या सिनेमाचा शेवट काय होता?"

"तिला सांगायचा ऱ्हायला," तो म्हणाला. "आता तुमाला कशाला सांगू?"

प्रश्न आपण विचारायचे, उत्तर समोरच्याने द्यायचं, अशी माझी नोकरी होती. तिने मला विचारलेला तो एकच प्रश्न मी टाळला. पुढे तुळजापूरच्या जत्रेत तोच सिनेमा तंबूत लागला होता. मी दारापर्यंत गेलो आणि परत फिरलो.