कासऱ्याने मोजलेली वाट

दादाला जाऊन आता महिना होत आला. सकाळी मेथी निवडत बसले होते, तेव्हा त्याच्या मुलाचा, अजितचा फोन आला. "आत्या, दादा गेले. झोपेतच." दादाला त्याची मुलंही दादाच म्हणायची. मी फोन ठेवला आणि कितीतरी वेळ ती मेथी तशीच निवडत राहिले... थोरला भाऊ असेपर्यंत बहीण कितीही म्हातारी झाली तरी धाकटीच असते. आक्का तर आधीच गेली होती. त्या एका फोनने मी घरातली सगळ्यांत मोठी झाले, आणि खरं सांगायचं तर मला भीती वाटली.

पारनेरला गेले तेव्हा भेटायला येणारा जो तो म्हणत होता, दादा म्हणजे देवमाणूस. मला ते ऐकवेना. देवमाणूस वगैरे काही नव्हता तो. हट्टी होता, तिरसट होता, आणि आपलंच घोडं पुढे दामटायचा. त्याने केलेली एक मोठी चूक मी शेजारी बसून पाहिली आहे. लोकांना जो दादा माहीत आहे, तो त्या चुकीनंतरचा.

ती गोष्ट बहात्तरच्या दुष्काळातली. आमचा मळा पारनेरच्या अलीकडे. आजोबांनी विहीर अशी खोल नेली होती, की त्या सालीही तिच्या तळाला पाणी टिकून होतं. आमची थोरली बहीण आक्का मात्र डोंगरावरच्या पठारावर दिलेली. तिच्या वस्तीला सगळे नुसतं वरची वाडी म्हणत. तिथली विहीर दिवाळीआधीच आटली. सरकारी टँकर यायचा तो पायथ्यापर्यंत, कारण पुढे रस्ताच नव्हता, बैलगाडीची जुनी चाकोरी तेवढी होती. त्यात आक्काचे दिवस भरत आलेले. तिला खाली आणायला वडिलांनी गाडी धाडली, तर सासू अंथरुणाला खिळलेली, तिला टाकून येत नाही, असं आक्का म्हणाली. उलट निरोप पाठवला, "प्यायलाच पानी न्हाई, तर बाळंतपन कशात करायचं?" आई तो निरोप ऐकून चुलीपुढे नुसती बसून राहिली. दादा शुगर फॅक्टरीवर उसाचा ट्रक चालवायचा. त्याने काम सोडलं आणि म्हणाला, "पानी मी चढवतो."

गाडी घ्यायच्या आधी तो वाट बघायला गेला. खांद्यावर बैलाचा कासरा टाकून पायथ्यापासून वरच्या वाडीपर्यंत चालला. वाटेत मधली वाडी लागायची, तिच्या पुढे एक वळण होतं, एका अंगाला कातळ आणि दुसऱ्या अंगाला खोल दरी. तिथे त्याने कातळापासून कडेपर्यंत कासरा धरला आणि गाठ मारली. मी तेव्हा नगरला डी.एड. करत होते. तिथे लष्कराच्या जुन्या गाड्यांचा लिलाव व्हायचा, त्याला जाताना मलाही घेऊन गेला. बाकीचे लोक लांब नाकाच्या थोराड ट्रकांभोवती घोटाळत होते, बॉनेट उघडून इंजिनं ऐकत होते. हा आपला एकेका गाडीखाली उताणा पडून पोटापासून जमिनीपर्यंत वितीने मोजतोय, आणि उठून चाकांवरून कासरा लावून बघतोय. एक कंत्राटदार खो खो हसला. "अरे, गाडी घ्यायला आलायस का बैल?" दादा म्हणाला, "बैलच घ्यायचाय. चारी पायांनी वढनारा पायजे." शेवटी कोपऱ्यात उभी असलेली एक बुटकी हिरवी पिकअप त्याने पसंत केली. तिची चारही चाकं ओढायची, आणि कासऱ्याची गाठ तिच्या चाकांबाहेर चार बोटं उरली. मी म्हटलं, एवढीशीच? तर म्हणाला, "वाट तेवढीच हाय."

मग नगरच्या एका गॅरेजात तिच्यावर काम सुरू झालं. पुढच्या बंपरची टोकं कापली, कातळाला घासू नयेत म्हणून. इंजिनाच्या पोटाखाली जाड पत्रा ठोकला. टायर खोल नक्षीचे शोधून आणले. दोन्ही दारं काढून टाकली, ती का म्हणून विचारलं तर थंडपणे म्हणाला, "उडी मारायला बरं." आईला हे सांगू नकोस, असंही वर बजावलं. मागे टाकी बसवायची होती, ती त्याने मुद्दाम बुटकी आणि पसरट करून घेतली, वजन खाली राहावं म्हणून. वेल्डिंगवाल्याने विचारलं, "आत पडदे घालू का? पानी हिंदकळतं." म्हणजे टाकीच्या पोटात उभे पत्रे, खाली भोकं ठेवलेले. दादा म्हणाला, "पत्र्याचं वजन कशाला वाढवू? तेवढ्या दोन घागरी जास्त बसतील. जाताना भरून, येताना रिकामी. अर्धी टाकी घिऊन मी कुटं निघालोय?" वेल्डिंगवाल्याने खांदे उडवले. मलाही ते पटलं.

पहिल्या काही खेपा झाल्या. मला सुट्टी लागली होती, म्हणून मीही बरोबर असायचे. गाव तिला घोरपड म्हणू लागलं, इतकी ती कातळाला चिकटून चढायची. मधल्या वाडीची माणसं दिवसा दुष्काळी कामावर खडी फोडायला जात, त्यामुळे वाटेत म्हातारीकोतारी तेवढी दिसायची. ती दाराशी उभी राहून गाडीकडे बघत. आम्ही हात करायचो. आम्हाला वाटायचं, कौतुकाने बघताहेत!

मग आक्का बाळंत झाल्याचा निरोप आला. मुलगा झाला होता, पण आक्काला ताप होता, आणि घरात एक कळशीभर पाणी उरलं होतं. दादाने टाकी काठोकाठ भरली. आईने डिंकाचे लाडू दिले आणि बाळंतिणीपाशी राहायला म्हणून मलाही बरोबर धाडलं. ऊन रणरणत होतं. मधल्या वाडीपाशी पोचलो आणि दादाने करकचून ब्रेक लावला. वाटेवर घागरी मांडलेल्या होत्या, या कडेपासून त्या कडेपर्यंत, आणि त्यांच्यामागे बायका उभ्या होत्या. त्या दिवशी कुणीच कामावर गेलं नव्हतं. सारजाबाई नावाची एक उंच, काटक बाई पुढे आली आणि तिने तापलेल्या बॉनेटवर तळहात टेकला.

"वर माझी भन बाळंतीन हाय," दादा म्हणाला. "तापानं फनफनलीय. वाट सोडा."

"व्हय, ठावं हाय," सारजाबाई म्हणाली. "पर ही वाट आमच्या दारातनं जाती. पानी बी दारातनं जातं. आमी निस्तं बघायचं व्हय?"

दादाने इंजिन बंद केलं. मी मात्र बोलले... बरंच बोलले. सरकारला सांगा, आमच्या पाण्यावर तुमचा काय हक्क, असलं सगळं. सारजाबाईने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती दादाकडे बघत होती, आणि दादा त्या घागरींकडे. मग तो उतरला, मागे गेला आणि त्याने तोटी सोडली. अर्धी टाकी झाल्यावर बंद केली. बायका भरलेल्या घागरी घेऊन घराकडे वळल्या आणि वाट मोकळी झाली.

वाडी मागे पडली, चढ लागला, आणि पाठीमागे धाडकन आवाज झाला. गाडीला कुणी लाथ मारावी तसा. दादाने ब्रेक दाबला, तर पाणी पुढे येऊन आदळलं, परत मागे गेलं, आणि माझ्या डोळ्यांदेखत पुढची चाकं हलकी होऊन बाजूला सरकली. गाडी थांबली तरी आतलं पाणी थांबेना. उथळ पाण्याला खळखळाट फार, ही म्हण मी पुढे जन्मभर वर्गात शिकवली, पण ती ऐकली त्या दिवशी. समोर वळण होतं, बाहेरच्या अंगाला कलतं. त्या कलत्या वाटेवर ते पाणी एकदा का दरीच्या बाजूला धावलं असतं, तर चार बोटांचा हिशोब कुठल्या कुठे गेला असता.

"शके, उतर," दादा म्हणाला.

"का?"

"उतर म्हनतो ना!"

मी उतरले, चाकांमागे दगड लावले. मागे यावं तर उतारावर पाणी आणखीच उसळणार. तोटी सोडून सगळं ओतून द्यावं, तर गाडी वाचेल, पण वर आक्का... तो वळणाकडे बघत राहिला, मग म्हणाला, "वाडीत जा. बायांना म्हनावं, रिकाम्या घागरी घिऊन या. ह्यातलं पानी वळनाच्या वर नेऊन ठेवा आन तितंच थांबा. गाडी रिकामी चढवतो, वर परत भरू."

मला वाटलं उन्हाने याचं डोकं फिरलं. ज्यांनी वाट अडवली त्यांच्याच हातात उरलेलं पाणी द्यायचं? वळणाच्या वरून एक पायवाट थेट वाडीत उतरत होती. खालून ती दिसतही नव्हती. मी ओरडले, "एक घागर परत यायची नाही! आक्का मरेल तिकडे, दादा!" तो म्हणाला, "मला ठावं हाय. जा."

मी गेले. मघाशी ज्या तोंडाने भांडले त्याच तोंडाने मागायला गेले. सारजाबाईने ऐकून घेतलं, हो म्हणाली नाही की नाही म्हणाली नाही. घागर उचलली आणि चालू लागली, तशा बाकीच्या तिच्यामागून निघाल्या. तोटीखाली एकेक घागर भरत गेली. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घागर, आणि कातळाला खांदा घासत एकेक बाई वळणाआड दिसेनाशी होत गेली. परत एकही आली नाही. दादा म्हणाला होता वर ठेवून तिथेच थांबा, पण ते त्या क्षणी मला कुठलं आठवायला? शेवटची घागर गेल्यावर टाकीतून नुसतं थेंब थेंब गळत होतं. पाण्याच्या नावाने आमच्याकडे तेवढंच उरलं होतं.

दादा गाडीत बसला. "मागनं दगूड घिऊन चाल. थांबलो की चाकाला लाव." रिकामी गाडी हलकी झाली होती, मागची बाजू टणाटणा उडत होती. वळणाच्या ऐन मध्यावर बाहेरच्या चाकाखालची माती ढासळली आणि खडे दरीत घरंगळत गेले. चाक जागच्या जागी फिरू लागलं. मी दगड लावला, पण तोही सरकला. मी दुसरा लावला आणि त्याला पायाने रेटून धरला. दादाचा एक पाय बाहेर लोंबत होता, उडीच्या तयारीत. मी मनात म्हणत होते, मार उडी, गेली तर गेली गाडी... त्याने तो पाय आत घेतला. पुढच्या चाकांनी खडक धरला, गाडीने हिसडा दिला आणि ती वर निघाली. मी तिच्या धुरातून धावत वळण ओलांडलं.

कातळाच्या सावलीत बायका बसल्या होत्या. प्रत्येकीपुढे तिची घागर होती, आणि धूळ पडू नये म्हणून प्रत्येकीने घागरीच्या तोंडावर पदर धरला होता. एकीची घागर मात्र अर्धी होती. तिच्या कडेवरचं पोर ओले ओठ चाटत होतं. माझी नजर तिकडे गेलेली दादाने पाहिली आणि डोळ्यांनीच मला गप्प केलं. सारजाबाई उठली. "तान लागली हुती त्याला," ती म्हणाली. "बाकी हाय तसं हाय. भर तुझी टाकी." पुढची वाट पठाराची, सपाट होती. तरी दादाने गाडी बैलाच्या चालीने नेली.

वर पोचल्यावर दाजी टाकीत डोकावून म्हणाले, "हे काय, आज निम्मंच?" दादा म्हणाला, "वाटंत मानसं हायती." एवढंच. आक्काच्या कपाळावर मी ओल्या फडक्याच्या घड्या ठेवल्या, बाळाला कोमट पाण्याने पुसलं. तिसऱ्या दिवशी तिचा ताप उतरला. पण दादा त्याआधीच नगरला जाऊन आला होता. वेल्डिंगवाल्याला म्हणाला, "घाल पडदे." तो म्हणाला, पाणी कमी बसेल. "बसू दे," दादा म्हणाला. त्यानंतर दुष्काळ संपेस्तोवर घोरपड मधल्या वाडीत थांबल्याशिवाय एकदाही वर गेली नाही. वाट त्याने कासऱ्याने मोजली होती. वाटेतली माणसं त्यात धरायची राहिली होती, ही त्याची चूक. ती त्याने कुणापाशी बोलून दाखवली नाही, नुसती सुधारली.

पुढे पाऊस झाला, रस्ता झाला, घोरपड भंगारात गेली. दादा म्हातारा झाला, आणि त्याची एक खोड साऱ्या घराला लागली. घरातून कुणी कुठे फराळ, आंबे, लग्नपत्रिका, काहीही घेऊन निघालं की हा ओसरीवरून विचारायचा, "वाटंत कोन कोन हाय?" आणि त्यांचंही बांधून दिल्याशिवाय गाडी हलू द्यायचा नाही. सुना वैतागायच्या.

तेराव्यानंतर मी पुण्याला परत निघाले, तेव्हा ओसरीवर कुणी नव्हतं. अजितची बायको, मनीषा, माझ्यासाठी लाडवांचा डबा भरत होती. झाकण लावता लावता तिने विचारलं, "आत्या, वाटेत कोण कोण आहे?"

"कुणी नाही गं," मी म्हटलं. "सरळ घरी."

"असं कसं?" ती म्हणाली. "नीट आठवा."

मी पायरीवर बसले आणि नीट आठवलं. शिरूरला माझी एक जुनी विद्यार्थिनी राहते. तिचा नवरा गेल्याचं कळलं होतं, आणि मी कितीदा तिच्या घरावरून गेले असेन, पण गाडी थांबवली नव्हती... मनीषाने काही न विचारता फडताळातून आणखी एक डबा काढला.